सावरण्याची आत्मकथने

लहानपणी घरात किंवा घराजवळ मारहाण, लैंगिक अत्याचार, उपासमार अथवा रोजची मानहानी सोसलेल्या व्यक्तीने मोठेपणी आयुष्य पुन्हा कसे उभे केले, याचे तिने स्वतः लिहिलेले कथन. हालअपेष्टांच्या आठवणी मराठीत भरपूर आहेत. या प्रकाराचा भर मात्र त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांवर असतो: पहिली स्वतःची खोली, टिकलेली किंवा सुटलेली नोकरी, झोप, स्पर्शाची भीती, लग्न, स्वतःचे मूल आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या त्याच आईवडिलांची दुखणी. बालपणाने निम्म्याहून जास्त पाने व्यापली, तर ते पुस्तक बालपणाचेच होते.

'आत्मचरित्र' या शब्दाला कर्तृत्ववान माणसाच्या जीवनवृत्तांताचा वास असल्याने तो इथे अवघडतो. दलित साहित्याने रुळवलेला 'आत्मकथन' हा शब्द जास्त जुळतो, कारण त्यात सगळ्या आयुष्याचा हिशेब देण्याची सक्ती नाही. लिहिणाऱ्या व्यक्तीला कायद्याच्या कागदात 'पीडित' म्हणतात, संस्थांच्या बोलण्यात 'सर्व्हायव्हर'. 'तगलेली' हा साधा शब्द दोहोंपेक्षा नेमका असून मागे पडला आहे.

पूर्वपीठिका. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरी आलेल्या मुलीला शिकण्यापायी घरातल्या बायकांनी दिलेला जाच त्यात आहे. पण तो संयतपणे, कुणाचा उणेपणा होणार नाही अशा बेताने सांगितलेला. शीर्षकातही 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. घरातली मारझोड आडपडदा न ठेवता सांगण्याची वाट मोकळी झाली ती १९७० नंतरच्या दलित आणि ग्रामीण आत्मकथनांमुळे. आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७; साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) शिकण्यासाठी बापाच्या माराशी झुंजणारा मुलगा आहे; त्यापुढच्या 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' या भागांत तोच मुलगा शिकून, नोकरी धरून पुण्यात घर उभे करतो. उभारणीला बालपणाइतकीच जागा देणारे इतके सलग लेखन मराठीत विरळा. घरातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मात्र लेखणी फार काळ अडली.

नात्यांचा पेच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांच्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. म्हणजे लिहिताना बहुधा नातेवाईकच समोर येतो, आणि इथे मराठी भाषा आडवी येते. इंग्रजीत 'अंकल' म्हणून निभावते. मराठीत काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान सगळे वेगळे, आणि त्यात थोरले-धाकटे. 'धाकटे मामा' एवढे लिहिले की अख्खे आजोळ त्या माणसाकडे बघते. काही जण यावर उपाय म्हणून नातेच बदलतात, तर काही 'तो घरी यायचा' एवढ्यावर भागवतात. दुसरी वाट भाषेला जास्त मानवते, मात्र ती पुस्तकभर निभावावी लागते; एका जागी 'मामी' आल्या की केलेले झाकण उडते.

दुसरा पेच 'तो' की 'ते' हा. वडिलांना आयुष्यभर 'अहो बाबा' म्हटलेल्या मुलीला कागदावर अरे-तुरे करता येत नाही, आणि मारणाऱ्या हाताला आदरार्थी बहुवचन लावताना तिची लेखणी थबकते. चांगल्या आत्मकथनांत हा बदल नकळत होत नाही. कोणत्या प्रकरणापासून 'ते'चा 'तो' झाला, किंवा 'तो'चा पुन्हा 'ते' झाला, हे लेखिकेने ठरवलेले असते. मुद्रितशोधनात कुणी ते 'एकसारखे' करून टाकू नये, म्हणून हस्तलिखितासोबत तशी चिठ्ठी जोडावी.

काळ जुळवणे. अशा आठवणींत वास, कापडाचा रंग, जिन्याचा आवाज पक्का राहतो. क्रम आणि साल घसरते. म्हणून आधी तक्ता करतात: साल, इयत्ता, घर, त्या घरात तेव्हा राहणारी माणसे. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, दवाखान्याचे केसपेपर आणि मागे तारीख असलेले फोटो यांवरून तो भरतात. उरलेल्या जागा गावाने लक्षात ठेवलेल्या घटनांवरून जुळतात. पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), जोशी-अभ्यंकर खुनांचा १९७६ च्या अखेरीचा धसका आणि २००९ च्या स्वाइन फ्लूत बंद झालेल्या शाळा या खुणा उपयोगी पडतात. 'पानशेतच्या आधी की नंतर?' या प्रश्नाचे उत्तर घरातल्या जुन्या माणसाकडून सहज मिळते, आणि त्याला कशासाठी विचारले ते सांगावे लागत नाही. तक्त्यात स्वतः पाहिलेले, कुणी सांगितलेले आणि अंदाजाने धरलेले, अशा तीन शाया वापराव्यात. चाळीस वर्षांपूर्वीचे लांबलचक संवाद अवतरणचिन्हांत टाकले की वाचकाला शंका येते आणि ती खऱ्या भागालाही लागते.

उभारणीचा भाग. बहुतेक हस्तलिखिते इथेच पडतात. मारणारा माणूस बारकाव्यांनी जिवंत होतो आणि नंतरची वीस वर्षे 'हळूहळू मी सावरले' या एका वाक्यात उरकतात. खरे तर तपशील इथे हवेत. पेठेत कॉट बेसिसवर मिळालेली जागा, मेसचा डबा, ट्रंकेला लावलेले पहिले कुलूप, मग अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि त्यासाठी साठवलेले डिपॉझिट. दाराला आतून कडी असणे हे अशा कथनात एक अख्खे प्रकरण होऊ शकते. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवून शोक करणे, पुन्हा माणसांत येणे. पुस्तकाला हा आराखडा तसाच लावला की ते पाठ्यपुस्तक होते, कारण भावाच्या लग्नात तो माणूस समोर येऊन बसला की तिसऱ्या टप्प्यावरची व्यक्ती पुन्हा पहिल्यावर जाते. समुपदेशक, नवरा किंवा गुरू येऊन सगळे बरे करतो, हा दुसरा ठरावीक दोष. शेवटी क्षमा दाखवण्याचा घरच्यांचा आग्रह हा तिसरा, आणि सगळ्यात चिवट.

लिहिण्याची शिस्त. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटे क्लेशकारक अनुभवांबद्दल लिहिले. लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन आणखी खालावले. आरोग्याचा फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. हे उपचाराची जागा घेत नाही. कठीण प्रसंग दिवसा, घड्याळ लावून लिहावा, उठल्यावर करायचे काम आधीच ठरवलेले असावे, आणि दोन-तीन दिवस झोप उडाली तर तो भाग बाजूला ठेवून नोकरीचे किंवा घराचे प्रकरण हाती घ्यावे.

ओळख आणि कायदा. आडनाव बदलले म्हणजे झाले, ही समजूत पुण्यात विशेष फसवी आहे. पेठ, वाडा, तळमजल्यावरचे दुकान आणि शाळा एवढे कळले की जुना पुणेकर बिऱ्हाडांची यादीच सांगतो. निदान पेठ, व्यवसाय आणि भावंडांची संख्या बदलावी, आणि तसे केल्याचे सुरुवातीच्या टिपणात सांगावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मानहानीच्या फौजदारी खटल्यात मजकूर खरा असणे पुरत नाही; तो लोकहिताचाही असावा लागतो. माणूस वारला आहे, एवढ्याने धोका टळत नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे कलम ७२ खाली गुन्हा आहे. स्वतःची ओळख देणे हा व्यक्तीचा निर्णय, पण बहिणीवरही तसाच प्रसंग आला असेल तर तिची लेखी संमती हवी. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या गुन्ह्यांना लागतो. त्याआधीच्यांना तेव्हाचा भारतीय दंड संहितेचा कायदा. मात्र तोच माणूस आज दुसऱ्या मुलांच्या सहवासात असेल आणि धोक्याची शंका असेल, तर पुस्तकाची वाट न पाहता पोलिसांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावे लागते.

प्रकाशन. घरच्यांना पुस्तकाची बातमी वर्तमानपत्रातून कळणे ही सर्वात वारंवार होणारी आणि सहज टाळता येणारी चूक. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना छपाईआधी सांगावे. मजकूर दाखवायचा की नाही, हे वेगळे. प्रकाशन समारंभानंतर सहीसाठीच्या रांगेत एखादी बाई पुस्तक पुढे न करता हळूच 'माझंही असंच' म्हणते, हे जवळपास नेहमी घडते. अशा वेळी लेखिकेशेजारी आणखी एक जाणते माणूस बसवावे, आणि त्याच्याकडे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या असाव्यात.