पेशंटची माहिती आम्ही कोणाला सांगतो, कोणाला नाही

नमस्कार. आमच्याकडून घरी मावशी, ब्रदर, सिस्टर किंवा फिजिओ घेताना फॉर्म भरायला बसलं की बहुतेक घरांत एक प्रश्न येतोच, "हे सगळं तुम्ही कोणाकोणाला सांगणार?" आणि दोन आठवडे गेले की त्याच घरातून बरोबर उलटी तक्रार येते, "अहो रोज नवीन माणसाला आम्ही पहिल्यापासून सांगत बसायचं का?" दोन्ही म्हणणी आम्हाला पटतात, म्हणून एकदाचं नीट लिहून देतोय. वाचा आणि फाईलमध्ये पहिल्या पानाला लावून ठेवा.

आधी आमचीच चूक सांगतो

नौपाड्यात एका काकांकडे आमची चोवीस तासांची ड्युटी होती. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, गिळायला त्रास. डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट सांगितलेलं की पातळ काहीही द्यायचं नाही, पाणी असो चहा असो, पावडर घालून घट्ट करायचं, काकांना सरळ बसवायचं आणि चमच्याचमच्याने द्यायचं. दिवसाच्या मावशींना हे पाठ होतं. एका रात्री नेहमीच्या मावशींना अडचण आली म्हणून ऐनवेळी दुसऱ्या पाठवल्या, फोनवर आम्ही त्यांना बिल्डिंग सांगितली, मजला सांगितला, डायपरचा साईज पण सांगितला आणि घट्ट पाण्याचं मात्र राहून गेलं. पहाटे काकांनी चहा मागितला. मावशींनी बिचाऱ्यांनी मायेने बशीत ओतून, फुंकर मारून दिला. दुसऱ्या घोटाला असा ठसका लागला की सगळं घर उठलं.

काका सावरले, पण पुढचे काही दिवस डॉक्टरांनी ताप आणि ऑक्सिजनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लावलं, कारण गिळण्याची ताकद कमी झाली की पातळ गोष्ट अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पावडरचा डबा बोर्नव्हिटाच्या बाजूलाच होता हो. मावशींना वाटलं प्रोटीन पावडर असेल. त्यांची काहीच चूक नव्हती, चूक आमच्या ऑफिसची होती, आणि तेव्हापासून फोनवरच्या तोंडी निरोपावर आम्ही कोणाला ड्युटीवर पाठवत नाही.

मग सगळ्यांना सगळंच सांगायचं का

नाही. ज्याला ज्या कामासाठी जेवढं लागतं तेवढंच. सिस्टरला पूर्ण फाईल लागते, गोळ्या, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, रिपोर्ट, सगळं. फिजिओला हाडांचं, बीपीचं, हार्टचं कळायला हवं आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे इन्सुलिनची वेळ. समजा सिस्टरने साडेआठला इन्सुलिन दिलं, नाश्ता लांबला आणि नऊला फिजिओने येऊन व्यायाम सुरू केला, तर शुगर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि घरचे म्हणणार व्यायाम झेपला नाही. म्हणून आमचे फिजिओ आले की आधी "काही खाल्लंय का?" विचारतात. तो चौकशीचा आगाऊपणा नाही.

मावशींना काय हवं? उठवायचं कसं, कुठल्या बाजूला झोपवायचं, काय खायला द्यायचं, काय अजिबात नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का (असेल तर पडल्यावर डोक्याला साधा मार लागला तरी लगेच कळवायचं), रात्री उठून दार उघडून बाहेर जायची सवय आहे का. पंधरा वर्षांपूर्वी कुठलं ऑपरेशन झालं, मनोविकारतज्ज्ञांकडे कधी ट्रीटमेंट घेतली होती, हे त्यांना लागत नाही, मग आम्ही सांगतही नाही. आजच्या काळजीवर त्याचा परिणाम होत असेल तर कसं वागायचं तेवढं सांगतो, आजाराचं नाव नाही.

एचआयव्हीचं विचारतात लोक. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ही माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, अगदी मोजके अपवाद सोडले तर. आणि रोजच्या कामाला सांगायची गरजही नसते, कारण रक्त, लघवी, जखम ह्याला हात लावताना आमची माणसं प्रत्येकच घरात ग्लोव्ह्ज घालतात. तुमच्याकडे ग्लोव्ह्ज घातले म्हणून वाईट वाटून घेऊ नका प्लीज. फुप्फुसाच्या टीबीचं मात्र वेगळं आहे, तो हवेतून पसरतो, बंद खोलीत बारा तास बसणाऱ्या माणसाला मास्क लागतोच, तिथे लपवाछपवी चालणार नाही. मावशींच्या घरीही लहान मुलं आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल

पूर्वी आम्ही प्रत्येक पेशंटचा एकच ग्रुप करायचो, घरचे, सिस्टर, मावशी, फिजिओ, ऑफिस, सगळे त्यात. सोयीचं होतं, खोटं कशाला बोला. पण एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पाठीच्या बेडसोरचा, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमेचा, फोटो ड्रेसिंगनंतर ग्रुपवर पडला आणि त्या ग्रुपमध्ये काम सोडून गेलेली दोन माणसं तशीच होती. बाई म्हणाल्या, "माझी पाठ मी स्वतः अजून बघितली नाही, आणि ह्या लोकांनी बघितली." उत्तर नव्हतं आमच्याकडे.

आता ग्रुपवर फक्त वेळेचे निरोप, कोण येतंय, किती वाजता, सामान काय संपलंय. रिपोर्ट आणि जखमेचे फोटो ग्रुपवर नाहीत. फोटो लागलाच तर पेशंटला विचारून, चेहरा न घेता, तुमच्याच घरातल्या फोनवर काढायचा आणि तुम्हीच डॉक्टरांना पाठवायचा. आमच्या माणसाने स्वतःच्या फोनवर फोटो काढलेला दिसला तर तिथल्या तिथे डिलीट करायला सांगा आणि ऑफिसला कळवा, संकोच करू नका.

उशाजवळची वही

खरी माहिती ह्या वहीत असते. बीपी, शुगर, किती खाल्लं, लघवी किती झाली, मोशन झालं का, कुठली गोळी किती वाजता, आणि देणाऱ्याची सही. सगळं मराठीत. डिस्चार्ज कार्डवर ओडी, बीडी, एचएस असलं काहीतरी असतं, ते आमची सिस्टर पहिल्या दिवशी "सकाळी एक", "सकाळ-संध्याकाळ", "रात्री झोपताना" असं उतरवून देते आणि एकदा डॉक्टरांकडून तपासून घेते. ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी दोघी पेशंटजवळ उभ्या राहून दहा मिनिटं वही वाचतात. येणारीची लोकल लेट झाली, म्हणजे दिवा-कळव्याच्या मध्ये कुठेतरी उभी राहिली, तर जाणाऱ्या मावशी थांबतात, त्यांना "जा हो, मी आहे" असं म्हणून पाठवून देऊ नका.

वही तुमची आहे. ती घराबाहेर जात नाही, फक्त हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर पेशंटबरोबर जाते. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली की पहिल्यांदा ती वही आणि गोळ्यांची पिशवी हातात द्या.

तुम्ही आमच्यापासून लपवू नका अशा गोष्टी

बाबा रोज घेतात, हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. समजू शकतो. पण रोज पिणाऱ्याची घरात पडून राहिल्यामुळे अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत हात कापणं, घाम, भ्रम, कधी फिटही येऊ शकते, आणि आम्ही आपले ऑपरेशनमुळे झालं समजून बसतो. सिस्टर आणि डॉक्टरांच्या कानावर घाला, मावशींना नाही सांगितलं तरी चालेल. तसंच आईला कधीतरी राग येतो आणि ती मारते, गावाकडून आणलेला काढा गुपचूप चालू आहे, मागे एका इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं, हे सांगा.

घरातलेच, पण कोणाला किती?

पेशंट शुद्धीत आहे, विचार करू शकतो, तर परवानगी पेशंटची. मुलगा अमेरिकेतून पैसे भरत असला तरी. आजींनी सांगितलं की रिपोर्ट सुनेला दाखवा आणि मुलाला इतक्यात नको, तर आम्ही तसंच करतो, ह्यावरून आम्हाला एकदा शिव्या पण बसल्यात. फॉर्मवर ज्यांची नावं आहेत त्यांनाच माहिती मिळेल. मावसभावाचा फोन आला, शेजारच्या वहिनींनी लिफ्टमध्ये विचारलं, वॉचमनने विचारलं, तर आमच्या माणसाचं उत्तर एकच, "बरे आहेत, घरी विचारा."

कायद्याचं थोडंसं

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात संमती घेताना कशासाठी ते साध्या भाषेत सांगायचं आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे, असं आहे. आम्ही आत्तापासूनच तसं करतो. हॉस्पिटलकडून कागद मिळत नसतील तर लेखी मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. आणि तुमचा १४ आकडी आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) असेल तर त्याचा ओटीपी आमच्या कोणालाही सांगू नका, आमच्या ऑफिसमधून फोन आला तरी नाही.

सोबतच्या फॉर्मवर शेवटच्या ओळीत "माहिती कोणाला द्यायची" असं आहे, तिथे नावं आणि नातं लिहा, कोणाला द्यायची नाही ते पण लिहा. नंतर नाव बदलायचं असेल तर ऑफिसला फोन करा, सुपरवायझर पुढच्या व्हिजिटला नवीन फॉर्म घेऊन येईल आणि जुना तुमच्यासमोर फाडेल.