लोइस की लाना? सुपरमॅनच्या दोघींचा घोळ

सुपरमॅनचा विषय निघाला की आमच्या जळगाव-भुसावळकडे एक घोळ हमखास होतो. ज्यांनी ‘स्मॉलव्हिल’ मालिका बघितली ते ठासून सांगतात, त्याची ती लाना. ज्यांनी 2025च्या जुलैत नवा सिनेमा बघितला ते म्हणतात, छे, लोइस! मग घरातली एखादी मावशी पडद्याकडं बोट करून विचारते, “हाई कोन शे? गावनी पोर का पेपरवाली?” मावशीनं नेमकं हेरलेलं असतं. गावची पोर ती लाना लँग, पेपरवाली ती लोइस लेन. पण तेवढ्यानं घोळ मिटत नाही. कारण तो वाचणाऱ्यांनी घातलेला नाही, लिहिणाऱ्यांनीच घातलाय.

दोघींत लोइस आधीची. जून 1938च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी सुपरमॅन जन्माला घातला, त्याच अंकात ही आहे. पेपरात प्रेमभंग झालेल्यांच्या रडकथांचं सदर लिहिते आणि त्याला पार वैतागलेली आहे. पेपरातल्याच क्लार्क केंटबरोबर, म्हणजे चष्मा लावून साध्या माणसासारखा वावरणाऱ्या सुपरमॅनबरोबर, ती नाचायला जाते. तिथं एक गुंड मध्ये घुसतो, म्हणतो आता माझ्याबरोबर नाच. क्लार्क आपली ओळख लपवायला भेदरल्याचं सोंग घेतो. लोइस मात्र गुंडाच्या थोबाडीत ठेवून देते, क्लार्कला तोंडावर भित्रा म्हणते आणि टॅक्सी पकडून चालती होते. गुंड तिला पळवतात, मग सुपरमॅन येऊन त्यांची गाडीच उचलतो. मुखपृष्ठावर गाजलं ते गाडी उचलणं. पण कानाखाली वाजली ती त्याच्या आधी, आणि ती वाजवायला लोइसला कोणाची शक्ती उसनी घ्यावी लागली नाही. त्या काळच्या सिनेमांत टॉर्ची ब्लेन नावाची तडफदार बातमीदार गाजत होती, तिच्यावरून लोइस सुचली असं सीगलनं पुढं सांगितलं. शूस्टरसमोर चित्रासाठी बसलेली मॉडेल जोॲन कार्टर पुढं सीगलचीच बायको झाली.

लाना आली 1950 साली, ‘सुपरबॉय’च्या दहाव्या अंकात. लेखन बिल फिंगरचं, चित्रं जॉन सिकेलाची. मिसरूडही न फुटलेल्या सुपरमॅनच्या गोष्टी चालू होत्या, तेव्हा स्मॉलव्हिल गावात त्याच्याभोवती घुटमळणारी एक मुलगी हवी होती. मग काय, लोइसचाच साचा काढला आणि लहान मापाची मुलगी पाडली: तीच चौकस, तोच संशय, क्लार्कचं गुपित फोडायचा तोच नाद. वर नावातही तेच दोन ‘ल’. (या ‘ल’चं वेड त्या लेखकांना भलतंच होतं. खलनायक लेक्स लूथर, आणि लोरी लेमारिस नावाची एक जलपरीसुद्धा!)

बरं, ओळखायच्या सोप्या खुणाही टिकत नाहीत. केसांवरून बघावं, लाना लाल केसांची आणि लोइस काळ्या, तर 2013च्या सिनेमात लोइस झालेल्या एमी ॲडम्सचे केस तांबूस. बातम्या देते ती लोइस म्हणावं, तर 1970च्या दशकात लाना टीव्हीवर क्लार्कच्या शेजारी बसून बातम्या वाचायला लागली. आणि नटीच्या चेहऱ्यावर तर जाऊच नका. 1983च्या सिनेमातली लाना, ॲनेट ओटूल, ‘स्मॉलव्हिल’मध्ये चक्क क्लार्कची आई आहे.

माझ्या मते खरी खूण एकच. गुपित कोणाला कधी कळलं? 1986 साली जॉन बर्न या कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारानं सुपरमॅनची गोष्ट नव्यानं मांडली. त्यात गाव सोडण्याआधी क्लार्क लानाला सगळं सांगून टाकतो, आणि ते ओझं तिच्या गळ्यात पडतं. पोरगा जगाचा झाला, आपला राहिला नाही, आणि हे बोलायचं कोणापाशी? लोइसचं उलटं. 1990 साली ती साध्या क्लार्कशी लग्न ठरवते, तो सुपरमॅन आहे हे तिला कळतं 1991 मध्ये. लग्न 1996 साली. म्हणजे भर आकाशात उडणाऱ्यावर भाळलेली बाई, हा लोइसवरचा शिक्का निदान इथं तरी खोटा ठरतो. तो मारला तिच्याच नावानं 1958 ते 1974 चाललेल्या कॉमिकनं. त्यात ती बहुतेक वेळ सुपरमॅनला बोहल्यावर चढवायच्या क्लृप्त्या लढवते. इतकी वर्षं एका चांगल्या बातमीदाराला असं वाया घालवलं, याचा मला अजून राग येतो.

दोघीही मायाळू आहेत, पण माया करायची रीत निराळी. ती आपल्याकडे रावेर-यावलला वादळात निसवलेली केळीबाग आडवी झाली की दिसते. घड लागलेली खोडं मोडून पडलेली, शेतकरी बांधावर डोकं धरून बसलेला. शेजारीण चहा घेऊन येते, त्याच्या बायकोजवळ बसते, पोरांना आपल्या घरी जेवायला नेते. ती लाना. तेवढ्यात तालुक्याची बातमीदार मोटरसायकलवरून उतरते. तिचा पहिला प्रश्न, तलाठी येऊन गेला का? पंचनाम्यात किती क्षेत्र लिहिलं? विम्याचा हप्ता भरल्याची पावती आहे का? ऐकणाऱ्याला वाटतं, बाई दगडाच्या काळजाची आहे. पण पंचनाम्यात अर्ध्या बागेचा पत्ताच नाही हे दुसऱ्या दिवशी छापून येतं, ते तिच्यामुळं.

2025च्या सिनेमातली लोइस अशीच आहे. क्लार्क कोण आहे हे तिला ठाऊक आहे, दोघांचं जमलेलंही आहे. तो गमतीत म्हणतो, घे माझी मुलाखत, सुपरमॅनची. ती खरोखर रेकॉर्डर चालू करते आणि विचारते, दुसऱ्या देशाच्या युद्धात तू पडलास ते कोणाला विचारून? तो चिडतो, आवाज चढवतो. ती प्रश्न मागं घेत नाही.

दोघींना एकाच गावात बघायचं असेल तर 2021ची ‘सुपरमॅन अँड लोइस’ मालिका बघा. लाना स्मॉलव्हिलच्या बँकेत नोकरीला, पुढं गावची महापौर होते. लोइस शहरातला नावाजलेला पेपर सोडून गावच्या ‘स्मॉलव्हिल गॅझेट’मध्ये येते. हे गॅझेट एक बाई जवळजवळ एकटीच चालवते. गावात मॉर्गन एज नावाचा धनदांडगा येतो आणि जुन्या खाणी चालू करून रोजगार देतो म्हणतो. गावातल्या बऱ्याच जणांना ते हवंच असतं, लानाच्या नवऱ्यालाही. लोइस मात्र एजच्या भर सभेत उभी राहून प्रश्न विचारते, आणि आख्खं गाव तिच्याकडं रागानं बघायला लागतं.