दार उघडायचं तर आधी पाणी आत घ्या

तांब्या पालथा करून बादलीत सरळ खाली दाबून बघा. पाणी तोंडातून थोडं वर चढतं आणि थांबतं. आतली हवा दबते, पण जात नाही. घरच्या शेडमध्ये पाणबुडी बनवणाऱ्या हौशी माणसाचा जीव एखाद्या दिवशी याच दबलेल्या हवेवर तगू शकतो.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी जर्मनीतल्या कील बंदरात विल्हेल्म बाउअर हा जर्मन संशोधक ‘ब्रांडटाउखर’ ही आपली पाणबुडी घेऊन पाण्याखाली गेला. आठेक मीटरची लोखंडी बोट, पायाने फिरवायची चाकं, आत तिघे जण. पैशाच्या ओढाताणीत पत्रा ठरल्यापेक्षा पातळ घेतलेला, पाणी भरायच्या टाक्याही वगळलेल्या. वजनासाठी घेतलेलं पाणी बोटीच्या तळातच हिंदकळायचं. ते सगळं शेपटाकडे धावलं, दाबाने बाजू चेपली आणि बोट तळाला जाऊन बसली.

आता दार. झाकण ६० सेंटिमीटर व्यासाचं धरा. १५ मीटर खोलीवर त्याच्यावर साधारण सव्वाचार टनांचा भार येतो. खांदा लावून ते उघडणार नाही, पहार घालूनही नाही. बाउअरने सोबत्यांना सांगितलं, पाणी आत येऊ द्या. ते हबकले, यात नवल नाही. पण आतला दाब बाहेरच्याइतका झाला की झाकण हलकं होतं. काही तासांनी ते उघडलं आणि तिघेही जिवंत वर आले.

२० मीटरवर हवा दबून एक तृतीयांश उरते, म्हणजे केबिनचा दोन तृतीयांश भाग पाण्याने भरतो. उरलेली हवा छताशी, म्हणून डोकं तिथेच हवं. वर जाताना श्वास मात्र रोखायचा नाही; फुप्फुसातली हवा फुगून तिप्पट होऊ पाहते, ती सोडत राहायची.

मला यातली खरी गोम वाटते ती वेळेची. माणूस ऑक्सिजन संपेल म्हणून घाबरतो, पण बंद डब्यात आधी नडतो तो कार्बन डायऑक्साइड. दोन घनमीटरच्या केबिनमध्ये शांत बसलेला एक माणूस तासाला जवळपास एक टक्का वाढवतो. तीन टक्क्यांना धाप लागते, डोकं ठणकतं. आणि अशा हवेत पाणी सोडून तिला तिपटीने दाबलं, तर शरीराला ती नऊ टक्क्यांसारखी लागते. शुद्ध हरपायला तेवढं पुरे. म्हणजे ‘कोणी येतंय का बघू, नाहीतर मग पाणी सोडू’ हा हिशेब उलटा पडतो. हवा शोषकातून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनातून, फिरत नसेल, तर निर्णय लवकर घ्यायचा.

शोषक असूनही भागतंच असं नाही. १९७३ च्या जूनमध्ये फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ एका बुडालेल्या जहाजाच्या केबलमध्ये अडकली. ती काही घरगुती नव्हती, चांगली संशोधन पाणबुडी होती. मागच्या ॲल्युमिनियमच्या खोलीत थंडी उतरली, गारठ्याने शोषक रसायन मंदावलं आणि तिथले दोघे गेले. पुढच्या जाड ॲक्रिलिकच्या गोलात ऊब टिकली, तिथले दोघे वाचले.

अर्थात, तळाशी बसायची वेळच येऊ नये म्हणून पोटाखाली सोडवजन लावतात. आतून हँडल फिरवलं की शिशाचा ठोकळा सुटतो आणि बोट हलकी होऊन वर निघते. वीज नको, पंप नको. पण कुठे अडकली असेल किंवा आत फार पाणी शिरलं असेल, तर ठोकळा सुटूनही ती उठत नाही. शिवाय ठोकळा धरून ठेवणारे बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजतात. हँडल किनाऱ्यावर सहज फिरलं म्हणून खाली फिरेलच असं नाही.

१७७४ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथला जॉन डे नावाच्या माणसाकडेही ही सोय होती. पैजेपायी त्याने ‘मारिया’ या जुन्या गलबतात लाकडी खोली बसवली, बाहेर दगड टांगले, ते आतून सोडायची कळ ठेवली. आधी दहाएक मीटरवर उतरून तो सुखरूप वर आलाही होता. या वेळी पाणी चाळीस मीटरच्या आसपास होतं, म्हणजे पाण्याचा दाब आधीच्या चौपट. दगड सुटलेच नाहीत. बहुधा कळीला हात लागण्याआधीच ती लाकडी खोली चिरडली असावी.