डिजिटल दरी (मराठवाड्यातील शालेय शिक्षण)

शिकण्यासाठी लागणारे मोबाइल-संगणक, वीज, इंटरनेट आणि ती साधने हाताळण्याची सवय काहींना मिळते, काहींना मिळत नाही, या विषमतेला डिजिटल दरी म्हणतात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ती शहर आणि खेडे एवढ्यावर थांबत नाही. एकाच शिवारातल्या गाव आणि तांड्यात (बंजारा वस्तीत), एकाच घरातल्या भावा-बहिणीतही ती आढळते.

2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब येऊ लागले. अनेक गावांत पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. भिंतीवर देणगीदारांची नावे रंगवली गेली आणि शाळा ‘डिजिटल’ झाली. वर्गणी यंत्रासाठी निघते, वीजबिलासाठी कोणी काढत नाही. बिल थकले की जोडणी तुटते, उन्हाळ्यात डीपी (विजेचे रोहित्र) जळाली की आठवडा जातो, आणि तोवर टीव्ही जुन्या चादरीखाली झाकलेला राहतो. 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे शालेय अभ्यासाचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. पण कोड वाचायला स्मार्टफोन लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम 4.4 टक्के घरांत संगणक आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती; शहरांत हे प्रमाण 23.4 आणि 42 टक्के होते.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही दरी उघडी पडली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. घरात फोन एकच असेल तर तो दिवसभर वडिलांच्या खिशात. संध्याकाळी हाती आला की आधी भावाचा अभ्यास, मग बहिणीचा, तोवर डेटा संपलेला. रेंजसाठी गच्चीवर नाहीतर माळावर जावे लागे, आणि अंधार पडल्यावर मुलीला तिकडे कोण पाठवणार? तांड्यावर आणखी एक अडचण होती. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला पडद्यावरची प्रमाण मराठी परकीच. वर्गात गुरुजी ती अडचण हेरून निभावून नेतात, व्हिडिओ तसाच पुढे सरकतो.

उपलब्धता मोजणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटते ते स्थलांतर. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिव भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मूल सोबत गेले तर उसाच्या फडाशेजारच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) वीज नाही. फोन ट्रॅक्टरवर चार्ज होतो. आजीजवळ मागे राहिले तर शाळा मिळते, फोन मात्र कोयत्याबरोबर गेलेला असतो.

दरीचे दुसरे टोकही याच प्रदेशात आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांत सराव परीक्षा आणि त्यांचा निकाल मोबाइलवर पाहणारी पोरे आहेत. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांची राज्य प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. खेड्यातल्या काहींच्या हाती माऊस पहिल्यांदा येतो तो परीक्षेच्या तोंडावरच.

बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. घरी संगणक नसला की तालुक्याचे नेट कॅफे गाठायचे. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, वडील कर्नाटकात फडावर. कॅफेवाला बटण दाबतो, पोरगी फोन लावते: “आबा, आकडे आले का?” आबा कोयता खाली ठेवून चष्मा शोधतात. तोवर ओटीपीची मुदत संपते आणि कॅफेवाला पुन्हा बटण दाबतो.