पंप फिरतोय, पण पाणी उचलत नाही

मोटर घुमतेय म्हणजे पाणी येणारच असं नाही, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, काडीकचरा अडकतो, रात्रीतून पाइपातलं पाणी उतरून जातं आणि सकाळी पंप नुसताच गरगरतो. मग पंपात पाणी ओता, हवा काढा, पुन्हा बटण दाबा. उद्या कुणी हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जुनी स्की बोट उतरवलीच, तर तिच्या निम्म्या तक्रारी या माणसाला मेकॅनिकच्या आधी कळतील.

स्की बोट म्हणजे पाण्यावर घसरणाऱ्या खेळाडूला दोरीने ओढणारी वेगवान बोट. इंजिन बहुधा मोटारीच्याच घराण्यातलं, पेट्रोलवर चालणारं. फरक थंड करण्याच्या पद्धतीत. हवेने गार होणारा रेडिएटर इथे नसतो, जलाशयाचंच पाणी आत घेऊन, फिरवून, एक्झॉस्टवाटे बाहेर टाकतात. दुसरी खासियत बॅलास्टची. स्कीसाठी मागची लाट लहान हवी, पण वेकबोर्डच्या, म्हणजे पायाला फळी बांधून लाटेवर उड्या मारण्याच्या, खेळाला ती मोठी लागते. म्हणून टाक्यांत किंवा जाड पिशव्यांत पाणी भरून बोट मुद्दाम जड करतात. ५०० लिटर भरलं की अर्धा टन वजन वाढलं. बोट तेवढी खोल बसते, जास्त पाणी बाजूला सारते, लाट फुगते.

वापरलेल्या बोटीच्या दोन तक्रारी ठरलेल्या: इंजिन तापतं आणि बॅलास्ट भरत नाही. शिळं पेट्रोल, प्लग, फिल्टर कुठलाही गॅरेजवाला बघेल. माझं म्हणणं, आधी पाण्याची वाट तपासा. पाणी असायला हवं तिथे हवा शिरली, की या दोन्ही तक्रारी उभ्या राहतात.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पंप फक्त आतला दाब कमी करतो. पाणी वर ढकलतं ते बाहेरचं वातावरण. १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने हे दाखवलं. वातावरणाचा दाब पाण्याचा जेमतेम १० मीटरचा स्तंभ पेलतो, म्हणूनच विहिरीवरचा पंप व्यवहारात ६-७ मीटरच्या वर सक्शन घेत नाही. आता सक्शनच्या होजला, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या नळीला, बारीक चीर असेल, तर तिथून पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. खाली ओल नाही म्हणून होज चांगला, हा निष्कर्ष साफ चुकतो. इंजिन चालू असताना जोडावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला, की चोर सापडला. (पण त्याआधी इंजिनचं झाकण उघडून ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, काही मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते.)

इंजिनच्या पाण्याच्या पंपात रबरी पात्यांचं चक्र असतं. पाती एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना पाणी आत येतं, दबताना पुढे जातं. या पात्यांना वंगण पाण्याचंच. कोरडा पंप मिनिटभर फिरला तरी पाती जळू लागतात. त्यात पूर्णा-तापीचं गाळाचं पाणी आणि जळगावचा मे महिना! शेडमध्ये पडून राहिलेल्या बोटीतलं रबर कडक होऊन दबलेल्या आकारातच बसतं. पंप उघडल्यावर तुटलेली पाती मोजा. जेवढे तुकडे कमी, तेवढे पुढे इंजिनच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेले असतात. ते न काढता नवं चक्र बसवलं, तर इंजिन पुन्हा तापणारच. शिवाय तापमानाच्या सेन्सरभोवती पाणीच नसेल, तर काटा खोटं सांगू शकतो. म्हणून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का, हे डोळ्यांनी बघा.

बॅलास्टला अनेक बोटींत विहिरीवरच्यासारखाच सेंट्रिफ्यूगल पंप असतो, फक्त १२ व्होल्टवरचा आणि छोटा. तो भोवऱ्यासारखं पाणी फिरवून बाहेर फेकतो, आणि किती दाब तयार होणार ते आतल्या द्रवाच्या घनतेवर ठरतं. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. म्हणजे जो पंप पाणी ४ मीटर चढवतो, तोच हवेने भरला तर पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर उंचीइतका दाब देतो. एवढ्याने अडकलेली हवा हलत नाही. यावर इलाज म्हणजे पंप पाण्याच्या पातळीखाली असावा, होजला मध्येच उंचवटा नसावा आणि टाकीची हवा बाहेर जायची नळी मोकळी असावी. या नळीत गांधीलमाशीने मातीचं घर केलं, तरी टाकी भरत नाही.

हवा नाही आणि तरीही पंप मंद? मग वायर बघा. २० अँपिअर वाहत असताना गंजलेल्या जोडाचा ०.१ ओहम रोध २ व्होल्ट खातो, १२ चे १० उरतात. मीटर लावायचा तो पंप चालू ठेवूनच. बंद असताना सगळं ठीकच दिसतं.

काही बोटींत बॅलास्टलाही रबरी पात्यांचाच पंप असतो, भरणारा आणि उलटा फिरवून रिकामा करणारा. टाकी रिकामी झाली की तो हवा ओढू लागतो, म्हणून पाण्याची धार तुटताच बटण बंद करायचं.