बत्तीस घरं पुढे, माप मात्र तेच

लग्नसराईत ज्यांना खऱ्या हिऱ्याचे दागिने परवडत नाहीत, ते अमेरिकन डायमंडकडे वळतात. दुकानात त्याला नुसतं ‘एडी’ म्हणतात. हिरा म्हणजे कार्बन. एडीचा खडा म्हणजे झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. खड्याची घनाकार स्फटिकरचना टिकून राहावी म्हणून त्यात बहुधा थोडं यिट्रियमचं ऑक्साइड मुद्दाम मिसळतात. पण बहुतेक खड्यांत आणखी एक धातू एक-दोन टक्के असतो आणि तो कुणीच घातलेला नसतो. त्याचं नाव हॅफ्नियम. खनिजातून तो झिर्कोनियमच्या सोबत येतो आणि कारखान्यात कुणी त्याला बाहेर काढायच्या फंदात पडत नाही, कारण दागिन्याला त्याने काहीच फरक पडत नाही.

तो इतका बेमालूम का मिसळून जातो, याचं उत्तर आवर्तसारणीत आहे. मला ते त्या सारणीतलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं.

शाळेत दोन नियम शिकलेले असतात. गणात वरून खाली जावं तसा अणू मोठा होतो, कारण दर पायरीला इलेक्ट्रॉनांचं एक नवं कवच चढतं. आवर्तात डावीकडून उजवीकडे जावं तसा अणू लहान होतो. हा दुसरा नियम पाठ होतो, पण पटत नाही. इलेक्ट्रॉन वाढले तरी आकार घटतो कसा? कारण इलेक्ट्रॉनाबरोबर केंद्रात प्रोटॉनही वाढतो. नवा इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात जाऊन बसतो. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्राच्या ओढीपासून फारसा आडोसा देत नाहीत, त्यामुळे वाढलेली ओढ सगळ्यांनाच जाणवते आणि कवच आत खेचलं जातं. सोडियमची धातूतली त्रिज्या १८६ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), शेजारच्या मॅग्नेशियमची १६० आणि ॲल्युमिनियमची १४३.

आता चौथा गण पाहा. टायटॅनियम १४७, त्याखाली झिर्कोनियम १६०. नियमाप्रमाणे वाढ झाली. त्याखालचं हॅफ्नियम आणखी मोठं हवं, पण ते भरतं १५९. झिर्कोनियमचा अणुअंक ४०, हॅफ्नियमचा ७२. म्हणजे बत्तीस प्रोटॉन, बत्तीस इलेक्ट्रॉन आणि एक अख्खं कवच वाढूनही माप तेच! गंमत अशी की एकच घर डावीकडे हा नियम अजून शाबूत आहे. यिट्रियम १८०, त्याखालचं लँथॅनम १८७.

मग लँथॅनम आणि हॅफ्नियम यांच्यामध्ये असं काय घडतं? सारणीच्या तळाशी वेगळी छापलेली ती ओळ तिथे घडते. सेरियमपासून ल्युटेशियमपर्यंतची चौदा मूलद्रव्यं तिथे बसतात. या ओळीत नवे इलेक्ट्रॉन मुख्यतः आतल्या ४एफ उपकवचात, म्हणजे चौथ्या कवचाच्या ‘एफ’ नावाच्या कप्प्यात, भरतात. एरवी आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना केंद्रापासून गोधडीसारखा दाट आडोसा देतात. एफ इलेक्ट्रॉनांचा आडोसा मात्र मलमलीसारखा विरळ. चौदा प्रोटॉनांची ओढ त्यातून बरीचशी पार होते आणि बाहेरची कवचं घरागणिक थोडी थोडी आवळत जातात. लँथॅनमच्या तीन धनप्रभार असलेल्या आयनाची त्रिज्या १०३ पिकोमीटर असते, ल्युटेशियमच्या तशाच आयनाची ८६. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२५ मध्ये याला लँथॅनाइड आकुंचन म्हटलं. नव्या कवचाने जे कमावलं होतं, ते या चौदा घरांत जवळजवळ सगळं खर्च होऊन जातं.

माप सारखं, बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे, म्हणजे रासायनिक वागणूकही सारखी. त्यामुळेच हॅफ्नियम इतकी वर्षं सापडलं नाही. बर्लिनमध्ये मार्टिन क्लाप्रोट यांनी श्रीलंकेतल्या झिर्कॉन खड्यांतून झिर्कोनियमचं ऑक्साइड वेगळं केलं ते १७८९ साली. तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ ज्याला शुद्ध झिर्कोनियम समजून तोलत होते, ते मिश्रण होतं. हेन्री मोस्ले यांच्या क्ष-किरणांच्या मोजणीने १९१३-१४ मध्ये ७२ क्रमांकाची जागा रिकामी असल्याचं दाखवलं. पॅरिसचे जॉर्ज उर्बँ ते मूलद्रव्य दुर्मीळ मृदांच्या, म्हणजे तळाच्या त्या ओळीतल्या मूलद्रव्यांच्या, खनिजांत शोधत होते आणि ते सापडल्याचं सांगतही होते. पण नील्स बोर यांच्या सिद्धांताप्रमाणे एफ उपकवच ७१ लाच भरतं, म्हणून ७२ वं मूलद्रव्य झिर्कोनियमच्या कुटुंबातलं असायला हवं होतं. कोपनहेगनमध्ये डिर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेवेशी यांनी नॉर्वेचं झिर्कॉन क्ष-किरणांखाली धरलं आणि ७२ च्या रेषा दिसल्या. डिसेंबर १९२२ मध्ये बोर नोबेल व्याख्यानासाठी स्टॉकहोममध्ये होते. व्याख्यानाआधी त्यांना ही बातमी फोनवर कळली आणि शेवटी त्यांनी ती जाहीर केली. शोध छापून आला जानेवारी १९२३ मध्ये. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून, हाफ्निया, त्याचं नामकरण झालं.

हे आवळणं चौथ्या गणापुरतं नाही. चांदी आणि सोनं यांच्यातही बत्तीस घरांचंच अंतर आहे आणि दोघांचीही त्रिज्या सुमारे १४४ पिकोमीटर. (सोन्याच्या बाबतीत सापेक्षतेचाही हात आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) सोन्यात चांदी कुठल्याही प्रमाणात एकजीव होते, त्यामागे हे सारखं माप आहे. जागा तेवढीच आणि वस्तुमान जवळपास दुप्पट, म्हणून चांदीची घनता घनसेंटीमीटरला १०.५ ग्रॅम तर सोन्याची १९.३. झिर्कोनियम आणि हॅफ्नियम यांच्यातही तसंच, ६.५ आणि १३.३.

दागिन्यात चालून जाणारं हे साम्य अणुभट्टीत चालत नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. तिथल्या इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात. हा धातू निवडण्याचं मुख्य कारण हे: तो न्यूट्रॉन जवळजवळ गिळतच नाही, आणि विखंडनाची, म्हणजे इंधनातले अणू एकामागून एक फुटण्याची, साखळी तर न्यूट्रॉनांवरच चालते. न्यूट्रॉनाला इलेक्ट्रॉनांशी देणंघेणं नसतं, तो केंद्राशी व्यवहार करतो, आणि केंद्राच्या बाबतीत ही जुळी भावंडं एकदम परकी आहेत. हॅफ्नियमचा अणू झिर्कोनियमच्या पाचशेपटींहून अधिक न्यूट्रॉन शोषतो. शंभरात एकच अणू हॅफ्नियमचा असला, तरी तो उरलेल्या नव्याण्णवांच्या एकत्रित पाचपट न्यूट्रॉन खाऊन बसेल.

म्हणून अणुभट्टीच्या झिर्कोनियममध्ये हॅफ्नियमचं प्रमाण दहा हजारांत एका भागाच्याही खाली आणावं लागतं. केरळातल्या चवऱ्याच्या किंवा ओडिशातल्या छत्रपूरच्या किनारी वाळूत मिळणारं झिर्कॉन हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये या शुद्धीकरणातून जातं. नायट्रिक आम्लातलं द्रावण ट्रायब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकाशी घुसळतात. झिर्कोनियम द्रावकात थोडं जास्त खुशीने जातं, हॅफ्नियम पाण्यात मागे राहतं. फरक थोडाच, म्हणून घुसळणं आणि निवळणं टप्प्याटप्प्याने पुन्हा पुन्हा करावं लागतं. असं वेगळं काढलेलं हॅफ्नियम काही अणुभट्ट्यांमध्ये, विशेषतः अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमध्ये, परत आत जातं. तिथे त्याच्या नियंत्रक कांड्या करतात आणि साखळी थोपवायची असेल तेव्हा त्याच खाली सोडतात.