'म्हणे' व्यर्थ कसे ठरले?

'तो म्हणे परवाच आला.' यातले 'म्हणे' ठेवायचे की काढायचे, या वादाचे मूळ केवलप्रयोगी, म्हणजे उद्गार दाखवणाऱ्या, अव्ययांच्या वर्गीकरणात आहे. तिथे यादीच्या शेवटी दोन गट येतात. 'म्हणे, आपला, बापडा, बेटे' ही व्यर्थ उद्गारवाची, तर 'बरं का, आता, म्हणजे' ही पादपूरणार्थक अव्यये किंवा पालुपदे. स्पर्धा परीक्षांसाठी ही यादी अजून जशीच्या तशी पाठ होते.

पादपूरण, म्हणजे कवितेचा पाद (चरण) भरून काढणे, ही संज्ञा फार जुनी. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने तु, हि, च, स्म, ह, वै यांना पादपूरणाचे काम दिले. पण त्याच्या कितीतरी आधी निरुक्त या वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या ग्रंथाने एक बारकावा टिपला होता: छंदोबद्ध रचनेत असे शब्द पद पुरे करतात, गद्यात ते वाक्य पुरे करतात. मराठीने गद्यातल्या, तेही बोलण्यातल्या शब्दांना पद्याचेच नाव लावले. चरणाची मात्रा भरायची नसताना 'बरं का' कोणता पाद पुरा करतो?

त्याहून घातक ठरले ते 'व्यर्थ' हे विशेषण. 'तो परवाच आला' असे म्हणणारा त्या माहितीची जबाबदारी घेतो. 'म्हणे' आले की माहिती ऐकीव ठरते, आणि कधी त्यात बोलणाऱ्याचा अविश्वासही मिसळतो. एवढे काम करणारा शब्द व्यर्थ कसा? बातमीत हेच काम करायला 'असे समजते' लिहावे लागते आणि त्याला कोणी व्यर्थ म्हणत नाही. 'आपला'ची गोष्ट आणखी अडचणीची. तो आपला बसून राहिला, ती आपली बसून राहिली, ते आपले बसून राहिले. लिंगवचनाप्रमाणे बदलणारा शब्द अव्ययांत बसवला गेला, कारण शब्दांच्या आठ जातींच्या चौकटीत त्याला दुसरीकडे जागा दिसली नसावी. त्यातली अगतिकता, बिचारेपण मात्र वर्गीकरणाबाहेरच राहिले.

1980 नंतर भाषाविज्ञानात अशा शब्दांकडे संभाषणाचे दुवे म्हणून पाहिले जाऊ लागले. 'म्हणजे' आले की ऐकणाऱ्याला कळते, आता खुलासा किंवा दुरुस्ती येणार. शालेय पुस्तकांपर्यंत हा विचार फारसा पोचलेला नाही.

दरम्यान थेट प्रक्षेपणांनी 'जे आहे ते' आणि 'कुठेतरी' यांचा सुकाळ केला. 'पाऊस जो आहे तो वाढला आहे' यातले 'जो आहे तो' निःशंक काढावे, अर्थाला धक्का लागत नाही. आता बोलण्याचा लेखी उतारा करणारी सॉफ्टवेअर भरीचे शब्द आपोआप गाळण्याची सोय देतात. त्यांना व्याकरणातली ही यादी जशीच्या तशी पुरवली, तर 'त्याने म्हणे पैसे घेतले' या वाक्यातून 'म्हणे' जाईल आणि कानावर आलेली कुजबुज सरळ आरोप होऊन छापली जाईल.